निळ्या चौकटीतल्या बायका

पडद्यावर माझी आई मला पहिल्यांदा दिसली, तेव्हा संगणकाने तिला ट्रक ठरवलं होतं.

एकटीला नाही. तिच्या कंपनीतल्या बाकीच्या बायकाही होत्या. संध्याकाळी पाळी सुटल्यावर मोरिवलीच्या नाक्यावर त्या एकमेकींना चिकटून रस्ता ओलांडत होत्या आणि सगळ्यांभोवती मिळून एकच निळी चौकट होती. आमच्या कामात रंग ठरलेले होते. पायी चालणारं माणूस हिरवं, रिक्षा पिवळी, दुचाकी लाल आणि निळं म्हणजे अवजड वाहन. आई सगळ्यांत पुढे होती. एक हात वर, त्या हातात डब्याची पिशवी. ट्रकचं तोंड म्हणजे माझी आई.

मला हसू आलं. मी शेजारच्या खुर्चीतल्या सरांना दाखवलं, तेही हसले. मग हसू थांबलं. कारण नवा सिग्नल कुठे लावायचा हे हिरव्या चौकटी मोजून ठरणार होतं.

तेव्हा मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात या सरांच्या संशोधनात मदतनीस होते. शिक्षण संख्याशास्त्राचं, नोकरी कुठेच नाही, म्हणून हे मिळालं तेव्हा बरं वाटलं होतं. संशोधन रस्त्यावरच्या सुरक्षिततेचं होतं. खांबांवर कॅमेरे लावायचे, संगणकाने चित्रातली वाहनं आणि माणसं ओळखायची, कोण कोणाच्या किती जवळून गेलं ते टिपायचं आणि त्यावरून सिग्नलने स्वतःच ठरवायचं की आता कोणाला सोडायचं. पोलिसाची शिट्टी नको, ठरावीक सेकंद नकोत. रस्ता ओलांडायला माणसं उभी आहेत असं दिसलं की गाड्या थांबणार. उल्हासनगरचा एक चौक, आमचा मोरिवली नाका आणि पालेगावचा नवा रस्ता, अशा तीन जागा निवडल्या होत्या. पहिला सिग्नल यांतल्या एकाच ठिकाणी होणार होता. जिथे पायी ओलांडणारे जास्त, तिथे.

मला वाटलं होतं, यात स्पर्धा ती काय? एमआयडीसी सुटते तेव्हा मोरिवलीत माणसांशिवाय दुसरं काही दिसतच नाही.

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा उल्हासनगरला एका छापखान्यात कामाला होते. मालक सिंधी. कापून उरलेल्या कागदावर तो बाबांना पत्रकं छापू द्यायचा आणि वर म्हणायचा, "भाऊ, तेरा इन्कलाब छप गया हो तो अब मेरा शादी का कार्ड चढ़ा." बाबा ती पत्रकं घरी आणायचे. कामगारांना जाहीर आवाहन, पाणीप्रश्नावर धडक मोर्चा, विहारात अभ्यासवर्ग. मी आणि बाबा बसून घड्या घालायचो आणि घालता घालता मी मोठ्याने वाचायचे. 'निषेध' हा शब्द मला 'नारळ'च्या आधी लिहिता येत होता. वाटून उरलेली पत्रकं आई मांडणीवर डब्यांखाली अंथरायची. आमच्या घरात तांदळाच्या डब्याखाली सतत कुठली ना कुठली मागणी असायची आणि ती मान्य व्हायच्या आधी कागद पिवळा पडायचा.

अशा घरातल्या मुलीला आकडे आवडले यात नवल नाही. पत्रकाला लोक हसतात, आकड्याला हसत नाहीत, असं मला कॉलेजात वाटायचं. पत्रकात 'असंख्य कामगार भगिनी' लिहिलं की साहेब लोक विचारतात, असंख्य म्हणजे किती? म्हटलं, आता सांगू किती.

आणि संगणक सांगत होता, एक. एक ट्रक.

बायकांच्या त्या चालण्याला 'गठ्ठा' म्हणतात. शब्द त्यांचाच, पॅकिंगमधला. आईच्या लाइनवर खोके बांधतात, म्हणून. काही वर्षांपूर्वी त्यांच्यातलीच एक बाई पाळी सुटल्यावर एकटी रस्ता ओलांडत होती आणि तिला टेम्पोने उडवलं. ती वाचली, पण पाय कायमचा गेला आणि नोकरीही. त्यानंतर कोणी न सांगता नियम पडला की एकटीने ओलांडायचं नाही. जी आधी सुटेल तिने चहाच्या टपरीपाशी थांबायचं. सगळ्या जमल्या की पुढची विचारते, "गठ्ठा झाला का?" मागून "झाला" आलं की निघायचं. मधे अंतर सोडायचं नाही, धावायचं नाही. म्हाताऱ्या, गुडघेवाल्या आणि पोटुश्या बायका मधोमध, धडधाकट कडेला. टेम्पोवाला एकीला पाहून थांबत नाही, पण इतक्या जणी अंगावर यायला लागल्या की ब्रेक लावतो. शिव्या देतो, पण लावतो.

या नियमात एकच त्रास होता, थांबण्याचा. आईचे गुडघे दिवसभर उभं राहून कामातून गेलेले. घरी येऊन पाय पसरायची तिला घाई असते. पण लोडिंगवरच्या बायका उशिरा सुटतात, त्या येईपर्यंत ही टपरीच्या खांबाला टेकून उभी. बसायला तिथे काही नाही. सिग्नलचं मी घरी सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणजे सुटले की सरळ घरी? कोणाची वाट न बघता?" मी हो म्हटलं. ती एवढंच म्हणाली, "बरं होईल." आईने आजवर एवढ्या उघडपणे काही मागितलेलं मला आठवत नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी चपला काढता काढता तिचा एकच प्रश्न, "काय झालं गं आपल्या सिग्नलचं?"

निळी चौकट दिसल्यावर मी सरांना म्हटलं, "सर, ही चूक दुरुस्त करू. मी व्हिडिओ थांबवून थांबवून डोकी मोजते."

सर माणूस वाईट नव्हता. डोळ्यांखाली कायम काळं, पोरगेलेसेच, स्वतःची नोकरी पक्की नव्हती. ते म्हणाले, "मोज. परिशिष्टात टाकू. पण प्रश्न मोजण्याचा नाहीये, तुझ्या लक्षात येतंय का? हाच प्रोग्रॅम सिग्नलमध्ये बसणार. उद्या तिथे सिग्नल लावला तरी तो या बायकांसाठी थांबणार नाही. त्याला त्या दिसतच नाहीत."

"मग त्याला शिकवा."

"शिकवायला अशी हजारो चित्रं लागतात. बाहेरच्या देशांतल्या रस्त्यांवर तयार झालेला आहे तो. तिथे कोणी असं चालत नाही. पुढच्या टप्प्यात करू म्हणतोय मी. पण पुढचा टप्पा मिळायला हा रिपोर्ट वेळेवर जायला पाहिजे."

"म्हणजे तोपर्यंत आमच्या बायका ट्रक."

"भाषण नको करूस." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "एक सोपं आहे. चार-पाच दिवस त्या सुट्या सुट्या ओलांडतील का? हातभर अंतर ठेवून. प्रोग्रॅम मोजेल, जागा मंजूर होईल, मग शिकवू आपण त्याला गठ्ठा-बिठ्ठा सगळं."

मी त्या दिवशी बरंच बोलले. माणसांनी यंत्रासारखं चालायचं की यंत्राने माणसांसारखं बघायचं, वगैरे. सर ऐकत होते. मध्येच त्यांनी माझ्याकडे चहाचा कप सरकवला. मला आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी टपरीपाशी गेले. निरोप लपवायचा नाही असं ठरवलं होतं. सरांचं म्हणणं सांगायचं आणि माझा विरोधही सांगायचा. बायका जमत होत्या. मी मोबाइलवर तो निळ्या चौकटीचा तुकडा दाखवला.

"म्हणजे आपण सगळ्या मिळून एक ट्रक?" बदलापूरहून येणारी एक बाई म्हणाली. अंगाने उभी-आडवी आणि तोंडाने तिखट. "आणि मावशी ड्रायव्हर?"

मावशी म्हणजे माझी आई.

"लायसन आहे का गं मावशी?" मागून कोणीतरी.

"तू बसलीस म्हणून ओव्हरलोड दिसतोय," आई तिला म्हणाली. सगळ्या खिदळल्या.

पलीकडून एक उत्तरेकडची भाभी मान वर करून मोबाइलमध्ये बघत होती. ती म्हणाली, "हम लोग ट्रक हैं तो फिर ये टेम्पोवाले साइड क्यों नहीं देते?"

हसणं ओसरल्यावर मी सरांचा निरोप सांगितला. सुट्या सुट्या जायचं, चार-पाच दिवस. नाक्यावरून एक कंटेनर वळत होता, त्याचं वळून होईपर्यंत सगळ्या त्याच्याकडेच बघत होत्या.

आई म्हणाली, "आणि त्या चार दिवसांत एखादीला उडवलं म्हणजे? ती कुठल्या रंगात दाखवणार?"

"मी पण तेच म्हणते," मी म्हटलं. "अजिबात करू नका. हा आपला हक्क आहे. यंत्राला आपण दिसत नाही हा यंत्राचा दोष. आपण का म्हणून..."

"पोरी," बदलापूरवाली म्हणाली, "बोलतेस छान. बापावर गेलीस. पण सिग्नल पाहिजे का नको, ते सांग."

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते पत्रकात शोभलं असतं. तिथे, त्या धुरात, दिवसभर उभ्या राहिलेल्या बायकांसमोर ते तोंडातून निघेना.

बराच वेळ त्यांच्यात कुजबुज चालली. एकीने म्हटलं, काय होतंय, अजून उजेड आहे. दुसरीने टेम्पोखाली आलेल्या बाईचं नाव घेतलं. शेवटी आईनेच गुडघा चोळत निकाल दिला. "एक दिवस. चार नाही, पाच नाही. आणि मी पुढे. मी पोचले की पुढची निघेल, तिच्यामागे पुढची. मधे कोणी घाबरलं तर परत फिरायचं."

"मावशी, तुझा गुडघा..."

"गुडघा मलाच आहे. तुला नाही."

मी तिला रोखायला हवं होतं का, यावर मी फार विचार करत नाही. तिला आजवर कोणी रोखलेलं नाही. बाबांनीही नाही.

ठरल्या दिवशी मी कॅमेऱ्याच्या खांबाच्या बाजूला उभी होते. सर कॉलेजात पडद्यासमोर. आईने डब्याची पिशवी खांद्याला अडकवली, साडीचा पदर खोचला आणि एकटी निघाली. इतकी वर्षं मी तिला त्या रस्त्यावर एकटी पाहिलं नव्हतं. ती फार लहान दिसली. हात वर होता, पण एका माणसाचा हात तो, गाड्यांच्या मधे दिसेल न दिसेल असा. एक दुचाकीवाला तिच्या पुढून गेला, एक मागून. ती दुभाजकापाशी पोचली. तिथे दुभाजक म्हणजे दोन दगड आणि मोडलेला पाइप. तिने मागे वळून मान हलवली. दुसरी निघाली. मग भाभी. मग बदलापूरवाली. प्रत्येकीमध्ये बरोबर हातभर नाही, चांगलं दोन-तीन हात अंतर. शाळेच्या कवायतीसारखं. माझ्या मोबाइलवर सरांचा मेसेज आला, 'सगळ्या हिरव्या. छान.'

तेवढ्यात कंपनीच्या गेटकडून लोखंडाच्या सळ्यांनी भरलेला ट्रेलर आला. वेगात नव्हता. पण सळ्या मागे लांबवर बाहेर आलेल्या होत्या आणि वळताना त्यांचं शेपूट पूर्ण रस्ता झाडत येत होतं. बायकांनी ते एकाच वेळी पाहिलं. कोणी ओरडलं नाही. जी जिथे होती तिथून ती सरकली. पुढच्या मागे आल्या, मागच्या पुढे आल्या, दुभाजकापाशी उभी असलेली आई चार पावलं परत आली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच रस्त्याच्या मधोमध गठ्ठा तयार होता. धडधाकट कडेला, गुडघेवाल्या मधे. ट्रेलरवाल्याने करकचून ब्रेक लावला. सळ्या एकमेकींवर आपटून केवढा तरी आवाज झाला. बदलापूरवालीने एका हाताने त्याला थांब म्हटलं, दुसऱ्या हाताने भाभीला आत ओढलं आणि सगळ्या मिळून पलीकडे गेल्या.

पलीकडे पोचल्यावर त्यांना एकदम आठवलं की आज असं करायचं नव्हतं.

"अय्या," एक म्हणाली. "पुन्हा जायचं का?"

"आता काय पुन्हा," आई म्हणाली. ती हसत होती. "घरी चला."

सरांनी नंतर मला तो तुकडा दाखवला. हिरव्या हिरव्या चौकटी एकीमागे एक चाललेल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर आकडा. मग त्या एकमेकींकडे सरकतात, कडा एकमेकींत शिरतात, आकडे पुसले जातात आणि क्षणात तिथे निळी चौकट उभी राहते. समोर ट्रेलरची निळी चौकट. संगणकाच्या नोंदीत दोन अवजड वाहनं समोरासमोर येऊन थांबली होती. सर म्हणाले, "एवढ्याने भागणार नाही." मला ते माहीत होतं.

त्यानंतरचे दिवस मी डोकी मोजण्यात घालवले. व्हिडिओ थांबवायचा, पुढे ढकलायचा, पुन्हा थांबवायचा. कडेच्या बायका सहज मोजता येत. मधल्यांचे फक्त केस किंवा पदर दिसायचे. काही जणींना मी चालीवरून ओळखायला लागले. माझे डोळे दुखत, मान दुखे. सगळं नीट मांडून परिशिष्टात दिलं.

नगरपालिकेच्या सभागृहात सादरीकरण झालं. सरांनी तक्ते दाखवले. तक्त्यात पालेगाव पुढे होतं. तिथे नव्या टॉवरमधली माणसं सुटी सुटी चालतात. कोणी कानात गाणी घालून, कोणी कुत्रा घेऊन, प्रत्येकाभोवती स्वच्छ हिरवी चौकट. त्यांचाही जीव जीवच आहे, तिथेही डंपर भरधाव येतात, मला त्याबद्दल म्हणायचं नाही. पण मी हट्टाने मोरिवलीचा व्हिडिओ लावायला सांगितला होता.

मधल्या खुर्चीतले अधिकारी पुढे वाकून बघू लागले. "एक मिनिट. या रस्त्यावर या वेळेला अवजड वाहनांना बंदी आहे ना?" शेजारच्याने मान हलवली; कागदावर बंदी होतीच. "मग हा ट्रक रोज त्याच वेळेला कसा शिरतो? ट्रॅफिकवाल्यांना कळवा. कारवाई करा."

त्यांनी फक्त चौकटीच्या कोपऱ्यात संगणकाने लिहिलेला 'ट्रक' हा शब्द वाचला होता. चौकटीच्या आत बघितलं नव्हतं.

मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, तो ट्रक नाही. ती माझी आई आहे."

सभागृहात हशा पिकला. अधिकारीही हसले, मग चष्मा लावून नीट बघितलं आणि ओशाळले. मी परिशिष्टाचं सांगितलं, टेम्पोने उडवलेल्या बाईचं सांगितलं, आवाज चढला असेल, चढतोच. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हेही सांगायला हवं. मग म्हणाले, "ताई, तुमची तळमळ पोचली. पण ही योजना स्वयंचलित सिग्नलची आहे. हाताने मोजलेलं त्यात धरता येत नाही. तुम्ही असं करा, त्या भगिनींना एकेकट्याने, शिस्तीत जायला सांगा. पुढच्या वेळी नक्की विचार करू."

सिग्नल पालेगावला लागला. पुढच्या टप्प्याचं अजून काही कळलेलं नाही. सर दुसऱ्या कॉलेजात गेले. मोरिवलीचा कॅमेरा मात्र खांबावर तसाच आहे. काढायचं कोणाकडे आहे ते कोणाला माहीत नाही.

घरी सांगितलं तेव्हा बाबा ताठ बसले. "पत्रक काढू," ते म्हणाले. "जाहीर निषेध."

"काढा," आई म्हणाली. "डब्यांखालचे कागद जुने झालेत."

आम्ही काढलं. मजकूर मी लिहिला. चांगला लिहिला. त्यात 'असंख्य' हा शब्द नव्हता, खरा आकडा होता, हाताने मोजलेला. पत्रक टपरीवर वाटलं, स्टेशनवर वाटलं. लोकांनी घेतलं, काहींनी वाचलं. एकाने घडी घालून त्यात वडापाव धरला.

आई आता सिग्नलचं विचारत नाही. कधी बंद झालं ते माझ्या लक्षातही आलं नाही. चपला काढते, पाय पसरते, डोळे मिटते.

परवा मी तिला आणायला नाक्यावर गेले. टपरीच्या खांबाला टेकून उभी होती. पुढे आता बदलापूरवाली असते. आईचा गुडघा भरवशाचा राहिला नाही, म्हणून तिला मधे घेतलंय. मी तिच्या शेजारी उभी राहिले. तिने माझं मनगट पकडलं आणि मला आपल्या डाव्या बाजूला ओढलं, आत. मी म्हटलं, मी कडेला चालते, मी धडधाकट आहे. तिने ऐकलं नाही.

"गठ्ठा झाला का?" बदलापूरवालीने पुढून विचारलं. तिचा हात वर गेलेला होता.

आईने मान लांब करून गेटकडे पाहिलं. "थांब," ती म्हणाली. "लोडिंगवरची एक यायचीय अजून."

हात खाली आला. आम्ही थांबलो.